इशारा पोहोचला, पण पुढे काय झालं?

२०२३ मध्ये तुमचाही मोबाइल एखाद्या दिवशी अचानक मोठ्याने वाजला असेल. खिशातला, पर्समधला, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, घरातले सगळे फोन एकदमच! देशभर पाठवलेला तो आणीबाणीच्या इशाऱ्याचा चाचणी संदेश होता. आपण दचकलो, ‘ओके’ दाबलं आणि पुन्हा कामाला लागलो. आता समजा, उद्या तसाच संदेश खऱ्या वादळाचा आला तर? तो किती फोनवर गेला, हे यंत्रणा सांगू शकेल. पण तो वाचून किती जण जागचे हलले, हे माणसांनाच विचारावं लागतं.

आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठी २०१५ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात अनेक देशांनी एक आराखडा स्वीकारला. त्यात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायला सांगितल्या आहेत. एक, दर लाख लोकांमागे किती जणांपर्यंत पूर्वसूचना जाते. दुसरी, धोक्यातल्या लोकांपैकी किती टक्के लोक सूचना मिळाल्यावर वेळेआधी सुरक्षित जागी हलले. पहिला आकडा कार्यालयात बसून काढता येतो. दुसऱ्यासाठी चिखल तुडवत गावात जावं लागतं आणि खरी गोम तिथेच आहे.

बांगलादेशचं उदाहरण पाहा. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. इशारा दिलाच नव्हता, असं नाही. रेडिओवर सूचना होत्या, स्वयंसेवक कर्णे घेऊन गावोगाव फिरत होते. नंतर संशोधकांनी वाचलेल्या लोकांना गाठून विचारलं, तेव्हा समजलं, की इशारा बहुतेकांच्या कानावर पडला होता. मग ते गेले का नाहीत? कुणाला वाटलं, मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं आणि काही झालं नाही. कुणाला घरात चोरी होण्याची भीती. कुणासाठी निवारा फार लांब. गाईगुरांना कुठे न्यायचं, हा प्रश्न होताच. शिवाय धोक्याचे क्रमांक मुळात बंदरातल्या जहाजांसाठी ठरवलेले. आठ नंबर आणि दहा नंबर यांत आपल्या झोपडीचं काय होणार, हे शेतकऱ्याला कसं कळावं? बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मुलंबाळं आणि घर सोडून एकटीने कसं निघायचं, हा त्यांचा पेच कर्ण्यावरच्या सूचनेत कुठेच नव्हता.

ही उत्तरं ओळखीची वाटतात ना? पाणी अंगणात शिरलं तरी ‘आपल्याकडे याच्या वर कधी येत नाही’ म्हणणारं कुणीतरी आपल्याही घरात असतंच.

आता ओडिशाकडे या. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास १० हजार बळी गेले. १२ ऑक्टोबर २०१३ ला ‘फायलिन’ गोपाळपूरजवळ धडकलं, तेव्हा सुमारे १० लाख लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मे २०१९ मध्ये ‘फनी’च्या वेळी सुमारे १२ लाख लोक हलले. हवामानाचा अंदाज सुधारला हे खरंच, पण मधल्या वर्षांत किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले, गावागावांत समित्या झाल्या, रंगीत तालमी झाल्या. लाखो एसएमएस गेले, तरी माझ्या मते दारावर येऊन ‘चला, आजीला मी उचलतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या पोराची सर त्यांना नाही.

तरीही हे आकडे जपूनच वाचावे लागतात. निवाऱ्यात आलेली माणसं मोजली जातात, पण पाहुण्यांच्या पक्क्या घरी गेलेली बरेचदा मोजलीच जात नाहीत. पोलिसांनी बळेबळे आणलेला माणूस आणि स्वतःहून आलेला माणूस एकाच रकान्यात बसतो. पाहणीत बोलतात ते वाचलेले. ज्यांचं चुकलं, त्यांचं उत्तर मिळत नाही. आणि सहा महिन्यांनी विचारायला गेलात, तर आठवणी बदललेल्या असतात.

कधी कधी लोक आसरा शोधतात, तरीही घात होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तितली’ वादळ आलं. किनाऱ्यावरून लोक हलवले गेले. पण ओडिशाच्या डोंगराळ गजपती जिल्ह्यात मुसळधार पावसापासून वाचायला काही गावकरी गुहेत शिरले आणि वरून दरड कोसळली. त्यांना वादळाबरोबर दरडीचाही इशारा हवा होता. किती लोक हलले, एवढंच मोजून हे हाती लागत नाही. कुठे गेले आणि का गेले, हेही विचारावं लागतं.

आपल्या शेतशिवारातलं पाहायचं, तर विजेचा इशारा घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ ॲप तयार केलं. आसपास वीज पडण्याची शक्यता ते थोडा वेळ आधी सांगतं. ते किती जणांनी डाउनलोड केलं, हे मोजणं सोपं. पण भात लावणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी फोन असतो का? नसेल तर बांधावरून तिला हाक कोण मारतं? आणि हाक ऐकून ती झाडाखाली तर जात नाही ना? कारण वीज पडण्याची शक्यता असताना नेमकं तिथेच थांबायचं नसतं.

हे सगळं विचारायला सरकारी पाहणीची वाट पाहायलाच हवी असं नाही. पुढच्या वेळी तुमच्या भागात रेड ॲलर्ट येऊन गेला, की आठवडाभराच्या आत गल्लीतल्या पाच-सहा घरी चहाला जा. इशारा पहिल्यांदा कुणाकडून कळला, खरा वाटला का, मग काय केलं, आणि मनात असूनही काय जमलं नाही, एवढंच विचारा. ज्या घरी स्मार्टफोन नाही, ज्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, तिथे आधी जा. उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि ती वही पुढच्या पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या बैठकीत उघडा.