इंडोनेशियातले ख्रिस्ती: ऐकीव काय, खरं काय

इंडोनेशिया म्हणजे सतरा हजारांवर बेटांचा देश. तिथे मुसलमान सुमारे ८७ टक्के आहेत आणि ख्रिस्ती १० टक्क्यांच्या आसपास. टक्का लहान दिसतो, पण माणसं मोजली तर ती पावणेतीन ते तीन कोटी भरतात. आपल्या २०११ च्या जनगणनेत भारतातले ख्रिस्तीही २.७८ कोटीच होते. एवढ्या मोठ्या समाजाबद्दल आपल्याकडे बरंच काही ऐकीव माहितीवर चालतं.

गैरसमज: इंडोनेशिया हे इस्लामी राष्ट्र आहे.
वस्तुस्थिती: राज्यघटनेत कोणताही एक धर्म राष्ट्रधर्म नाही. मुसलमानांना शरियत बंधनकारक करणारं कलम १९४५ च्या मसुद्यात होतं. पूर्वेकडच्या ख्रिस्ती प्रदेशांचा विरोध ध्यानात घेऊन १८ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुस्लिम पुढाऱ्यांच्या संमतीने ते वगळलं गेलं. त्यामुळे ‘पंचशील’ या राष्ट्राच्या पाच पायाभूत तत्त्वांतलं पहिलं तत्त्व एवढंच उरलं: एका ईश्वरावर श्रद्धा. सरकारने सहा धर्म मानले आहेत आणि त्यांत प्रोटेस्टंट व कॅथलिक हे दोन वेगळे धर्म धरले आहेत. शरियतचा कायदा आहे तो विशेष स्वायत्तता मिळालेल्या आचे प्रांतात.

गैरसमज: ख्रिस्ती धर्म डच सत्तेने लादला.
वस्तुस्थिती: डचांच्या आधी पोर्तुगीज आले होते. गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्यांचं शव आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४६ मध्ये पूर्वेकडच्या मालुकू बेटांतल्या अंबोनला पोचले होते. डच ईस्ट इंडिया कंपनीला धर्मप्रसारापेक्षा मसाल्याचा व्यापार प्यारा होता आणि कॅथलिकांवर तर तिने बंदीच घातली होती. सुमात्रातल्या बाताक लोकांत ख्रिस्ती धर्म रुजला तो एकोणिसाव्या शतकात, जर्मन मिशनरी नोमेन्सनच्या कामातून. १९६५ मध्ये सुरू झालेल्या कम्युनिस्टविरोधी कत्तलींनंतर नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट असा संशय जिवावर बेतू लागला, तेव्हा जावातल्या अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तोवर डच जाऊन बरीच वर्षं लोटली होती.

गैरसमज: ख्रिस्ती सगळीकडे अल्पसंख्यच आहेत.
वस्तुस्थिती: फ्लोरेस बेटावर कॅथलिक बहुसंख्य आहेत. तिथल्या लारांतुका गावात गुड फ्रायडेला होड्यांतून निघणारी मिरवणूक पोर्तुगीज काळापासूनची परंपरा सांगते. पापुआ आणि उत्तर सुलावेसीतही ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. त्यामुळे कोण अल्पसंख्य, हे बेटागणिक बदलतं.

गैरसमज: सार्वजनिक जीवनात ख्रिस्त्यांना स्थान नाही.
वस्तुस्थिती: जकार्तातल्या भव्य इस्तिकलाल मशिदीचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या बाताक ख्रिस्ती वास्तुविशारदाचा आहे. समोरच कॅथेड्रल आहे आणि दोन्ही वास्तू आता भुयारी वाटेने जोडल्या आहेत. सेमारांगचे आर्चबिशप सुगियाप्रनाता हे घोषित राष्ट्रीय वीर आहेत, तर बेनी मुरदानी हे कॅथलिक सेनानी १९८३ ते १९८८ सरसेनापती होते.

गैरसमज: बहुसंख्य समाज ख्रिस्त्यांच्या जिवावर उठला आहे.
वस्तुस्थिती: हिंसा झाली आहे, ती नाकारून चालणार नाही. १९९९ ते २००२ या काळात मालुकूत दोन्ही समाजांचे हजारो लोक मारले गेले. २०१८ मध्ये सुराबायात तीन चर्चवर आत्मघाती हल्ले झाले. पण २००० च्या नाताळच्या आदल्या रात्री मोजोकर्तोच्या चर्चमधला बॉम्ब बाहेर नेताना जीव गेला तो रियांतो या मुस्लिम स्वयंसेवकाचा. तो ‘नहदलातुल उलमा’ या मुस्लिम संघटनेच्या युवक दलातला होता. त्या दलाचे तरुण आजही नाताळात चर्चबाहेर पहारा देतात.

गैरसमज: घटनेत हक्क आहेत, म्हणजे अडचण उरली नाही.
वस्तुस्थिती: खरी मेख इथे आहे. २००६ च्या नियमानुसार प्रार्थनास्थळ बांधायला ९० उपासकांची नावं आणि परिसरातल्या ६० रहिवाशांचा पाठिंबा लागतो. म्हणजे हक्क घटनेने द्यायचा आणि संमती गल्लीने. बोगोरच्या यास्मिन चर्चच्या बाजूने २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तरी महापालिकेने मूळ जागा उघडली नाही. भाविकांनी अनेक वर्षं थेट राष्ट्रपती भवनासमोर उपासना केली. अखेर पर्यायी जागेवर बांधलेलं चर्च २०२३ मध्ये सुरू झालं. हाच नियम ख्रिस्तीबहुल कुपांगमध्ये मशिदीलाही आडवा आला.

म्हणूनच इंडोनेशियात अल्पसंख्यांचं कसं चाललंय हे जोखायचं, तर घटना वाचून भागत नाही. साठ शेजाऱ्यांच्या सह्या मिळतात का, आणि न्यायालयाने निकाल दिल्यावर महापालिका तो पाळते का, हे पाहावं लागतं.