गुदाशयाचा कर्करोग आणि शस्त्रक्रिया

गुदाशयाच्या कर्करोगावर लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी 1908 साली जी शस्त्रक्रिया मांडली, तीत गुदद्वारही काढून टाकावे लागे आणि रोग्यास पोटावरील कायमच्या मलमार्गानिशी उरलेले आयुष्य कंठावे लागे. पुढे 1982 मध्ये इंग्लंडातीलच बेझिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी दाखविले की, गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन, ज्यात लसिकाग्रंथी दडलेल्या असतात, ते हाताने ओरबाडून न काढता, डोळ्यांसमोर ठेवून, त्याच्या पातळ आवरणालगत कात्री चालवीत अखंड सोडविले, तर त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळच घटते. लघवीचे व कामेंद्रियांचे मज्जातंतू या आवरणाबाहेरून जात असल्याने तेही बहुधा शाबूत राहतात. हा लाभ मला लहान वाटत नाही. मात्र गुदद्वार राखून आतडे पुन्हा जोडले, तर तो सांधा भरेपर्यंत तात्पुरत्या मलमार्गाची तजवीज बहुधा करावी लागते, आणि तो बंद केल्यावरही वारंवार शौचास जावे लागते, हे रोग्यास अगोदरच स्पष्ट सांगितले पाहिजे.