कोपीतली मुलगी कागदावर येते तेव्हा

"काय हो, तुमचं ते पुस्तक अजून चालूच का?" असं आता आमची भाजीवालीसुद्धा विचारायला लागली आहे. चालूच आहे. २४ पानांपैकी १४ झाली, १० राहिली. हातात उरलाय जेमतेम दीड महिना. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माझे वाचक बिऱ्हाड आवरून गावाकडे निघणार. पुढच्या वर्षी तीच टोळी इथेच येईल याचा भरवसा नाही.

वाचक म्हणजे ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या सुमाराला आमच्या सांगली जिल्ह्यात बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. ती दोघं पहाटे अंधारात फडावर जातात आणि सात-आठ वर्षांच्या मुली धाकट्यांना सांभाळत तळावर राहतात. आम्ही चौघीजणी आठवड्यातून तीन दुपारी तिथे गोष्टी वाचून दाखवायला जातो. गेल्या हंगामात एका मुलीनं पुस्तकाची सगळी पानं उलटली आणि विचारलं, "बाई, ह्यात आपली कोपी कुठंय?" पुस्तकात कौलारू घर होतं, बाग होती, झोपाळा होता.

म्हणून हा उद्योग. गोष्ट अगदी साधी, हरवलेलं करडू कोपी-कोपीतून शोधणाऱ्या मुलीची. माझं म्हणाल तर बी.ए. मराठी, शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षा, आणि नंतर वीस वर्षं नुसत्या रांगोळ्या!

जलरंग मोठा मानी. तेलरंगासारखं वरून थापून झाकता येत नाही. आधी फिकं, मग गडद, आणि पांढरं हवं तिथे कागद कोराच सोडायचा. सगळ्यात दमवलं ते पहाटेच्या पानानं. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजतेय, बाकी सगळा काळोख. जाळाच्या मधोमध चिमूटभर कागद कोरा राखला, त्याभोवती पिवळा, मग नारिंगी, ते पूर्ण वाळल्यावर काळोख. तो काळ्या ट्यूबमधून नाही काढला. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की जो अंधार मिळतो त्यात थोडी ऊब राहते. या एका पानाला नऊ दिवस लागले. उसाच्या फडाचं पान मात्र दोन दुपारीत झालं.

कागद ३०० जीएसएमचा आहे, तरी भरपूर पाणी पडलं की फुगतो. म्हणून आधी भिजवून, पाटावर गमटेपनं ताणून, रात्रभर वाळवायचा. सासूबाईंनी त्यासाठी त्यांचा जुना पाट आपणहून काढून दिला. जेवणाचं टेबल चार वाजेपर्यंत माझं, हा घरातला करार आहे, आणि तो अहोंसह सगळे पाळतात. सुट्टीच्या दिवशी थोडी कुरकुर होते, तेवढी चालायचीच.

मुलगी प्रत्येक पानावर तीच वाटायला हवी, हे दुसरं अवघड काम. फ्रिजवर तिचा एक तक्ता चिकटवलाय. समोरून, पाठमोरी, उकिडवी बसलेली, करडू कडेवर घेतलेली. जलरंग वाळल्यावर फिका दिसतो, त्यामुळे फ्रॉकच्या लाल रंगाचं प्रमाण मसाल्यासारखं वहीत लिहून ठेवलंय आणि दर वेळी आधी कागदाच्या पट्टीवर लावून बघते.

रंग लावण्याआधी प्रत्येक पानाचं पेन्सिलचं चित्र तळावर नेते. ही मुलं कडक संपादक आहेत हं! मोळीच्या पानावर आई फळीवरून ट्रॉलीत चढते. "फळी वाकू द्या की बाई, लई वजन असतंय." "डोक्यावर चुंबळ पाहिजे." "गाडीमागं वाढ्याची पेंढी बांधा." हे सगळं शहाण्यासारखं वहीत उतरवून घेते.

"त्या मुलींना शाळेत घाला, चित्रं कसली काढताय?" असं एका परिचितांनी सुनावलं. शाळेची खटपट आम्ही करतोच आहोत आणि तीच मोठी गोष्ट आहे, हे मलाही मान्य. पण शाळेत बसलेल्या मुलीलाही आपली कोपी पुस्तकात बघायचा हक्क आहे, असं माझं मत.

छपाईचं म्हणाल, तर प्रकाशकांनी नाकारल्यावर बिएट्रिक्स पॉटरनं १९०१ साली 'पीटर रॅबिट'च्या २५० प्रती पदरमोड करून छापल्या होत्या. आमच्या १०० प्रती भिशीच्या पैशातून निघतील. पॉटरसारखंच पुस्तकही लहान ठेवणार आहे, चिमुकल्या हातात मावेल असं.

सध्या १५वं पान अडलंय ते कुत्र्यावरून. तळावरच्या निम्म्या मुलांना ते पांढरं हवंय, निम्म्यांना तांबडं. पांढरं ठरलं तर तेवढा कागद आधीच कोरा राखायला हवा, त्यामुळे निकाल लागल्याशिवाय ब्रश टेकवता येत नाही. उद्या दोन्ही नमुने रंगवून तळावर नेते आहे.