मांडणी कोणती आणि शोध कोणता?

केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अनेक थरांचे सर्किट बोर्ड देशातच तयार व्हावेत, हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होय. योजना स्वागतार्ह आहे, यात वाद नाही. परंतु अर्थसाह्य घेऊन कारखाना उभा राहिल्यावर त्यात जे करावयाचे, ते करण्याची मोकळीक कारखानदारास असेल किंवा नाही, हा प्रश्न मंत्रिमंडळाच्या बैठकीत सुटत नाही. तो पेटंट कार्यालयात सुटतो. तेथील एका वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

घरातील एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण उघडून पाहिले, तर हिरव्या फळीवर तांब्याच्या रेषा आणि त्यांवर डाख देऊन बसविलेले रेझिस्टर, कपॅसिटर व चिप दिसतात. हे भाग पृष्ठभागावर न बसविता फळीच्या पोटात, थरांच्या मध्ये, बसविण्याची पद्धत आता पुढे आली आहे. गाभ्याच्या थरात पोकळी करावयाची, तीत चिप ठेवावयाची, राळेने ती बुजवून वर दुसरा थर दाबावयाचा आणि लेसरने सूक्ष्म छिद्रे पाडून त्यांत तांबे चढवून जोडणी साधावयाची, असा हा क्रम. त्यामुळे जागा वाचते, जोडणीचे अंतर घटते आणि चिपला मिळणारा वीजपुरवठा अधिक स्थिर राहतो. लाभ मोठे असल्यामुळे अशा रचनांवर एकाधिकार मिळविण्याची धडपडही मोठी असणार, हे ओघानेच आले.

मग प्रश्न असा की, भाग जुने, फळी जुनी, केवळ वर होते ते आत गेले. याला शोध म्हणावे काय?

आपला कायदा या बाबतीत मुग्ध नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार, ज्ञात साधने परस्परांपासून स्वतंत्रपणे व ज्ञात रीतीनेच आपापले काम करीत असतील, तर त्यांची नुसती मांडणी वा फेरमांडणी हा शोध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हेच सूत्र मांडले. तो वाद होता भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाचा. जुन्या घटकांचा संयोग पेटंटयोग्य ठरावयाचा असेल, तर त्यांच्या परस्परसंबंधातून नवी प्रक्रिया किंवा सुधारलेले फळ निष्पन्न झाले पाहिजे. कारखान्यातील कोणाही कुशल कारागिरास सुचेल एवढी सुधारणा पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि ते पेटंट अवैध ठरविले. पितळी भांड्यांना लावलेली ही कसोटी सिलिकनच्या चिपलाही तितकीच लागू पडते.

तिच्यावर घासून पाहिले, तर 'भाग फळीच्या पोटात बसविणे' ही कल्पना आज कोणाचीही मालमत्ता होऊ शकत नाही. चिपवर पातळ थराचे आवरण देऊन त्यातील छिद्रांतून जोडणी करण्याच्या रचनेवर अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीस १९८८ मध्ये पेटंट मिळाले होते. कपॅसिटरचे काम करणारा थरच बोर्डात दाबण्याच्या रचनेवर झायकॉन या कंपनीस १९९२ मध्ये पेटंट मिळाले. दोन्हींच्या मुदती केव्हाच संपल्या आणि ते ज्ञान सार्वजनिक झाले. गावच्या विहिरीला नवा रहाट बसविला म्हणून विहीर काही कोणाच्या मालकीची होत नाही.

याचा अर्थ या क्षेत्रात शोधाला वावच उरला नाही, असा मात्र नव्हे. पुरण जुने आणि कणीकही जुनीच. खरे कसब पोळी न फुटता लाटण्यात असते. येथेही तसेच आहे. काचतंतू व राळ यांची फळी उष्णतेने सिलिकनच्या कित्येक पट प्रसरण पावते. त्यामुळे जोडण्यांवर ताण येऊन त्या तुटतात. थर दाबताना राळ वाहते आणि चिप जागेवरून सरकते. मग लेसरचे छिद्र नेमक्या जागी पडत नाही. पोटातील उष्णता बाहेर पडण्यास वाट उरत नाही. वर बसविलेला सदोष भाग डाख वितळवून बदलता येतो. आत गाडलेला भाग सदोष निघाला, तर सबंध फळी टाकून द्यावी लागते. या अडचणी भाग आत घालण्यानेच निर्माण झालेल्या आहेत. त्यांपैकी एखादी ज्याने तज्ज्ञासही सहज न सुचणाऱ्या उपायाने दूर केली, त्याने शोध लावला, असे खुशाल म्हणावे आणि त्याला वीस वर्षांचे संरक्षण द्यावे. पण ते त्याच्या उपायापुरते असावे, अडचण दूर करण्याच्या सर्व संभाव्य मार्गांवर नसावे.

हा तोल साधणे सोपे नाही, याची साक्ष छापील सर्किटचा इतिहासच देतो. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडात स्थायिक झालेल्या पॉल आयस्लर यांचे नाव या तंत्राशी निगडित आहे. त्यांचे अमेरिकेतील पेटंट तेथील न्यायालयाने १९६३ मध्ये अवैध ठरविले. ब्रिटनमधील पेटंटाचा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, तेव्हा लॉर्ड डिप्लॉक यांनी एक मार्मिक इशारा दिला. शोध लागून यशस्वी झाल्यावर तो कोणकोणत्या पायऱ्यांनी लागू शकला असता, हे मागाहून सांगणे नेहमीच सोपे असते, असा त्याचा आशय. पश्चातबुद्धीने प्रत्येक शोध क्षुल्लक ठरविण्याचा धोका खराच आहे. परंतु २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या बाजूचा धोकाही दाखवून दिला. मोटारीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक संवेदक जोडण्याच्या त्या खटल्यात, परिचित घटक परिचित रीतीने जोडून अपेक्षित तेच फळ मिळत असेल, तर तो संयोग स्वयंस्पष्ट मानला जाण्याचा संभव अधिक, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आपल्या कायद्यातील आणखी एका शब्दप्रयोगाची धास्ती वाटते. २००५ च्या दुरुस्तीने शोधात तांत्रिक प्रगती किंवा 'आर्थिक महत्त्व' असावे, असे म्हटले आहे. बोर्ड लहान झाला, खर्च वाचला, म्हणजे आर्थिक महत्त्व सिद्ध झाले आणि काम संपले, असा अर्थ लावणे चुकीचे आहे. त्याच वाक्यात, तो शोध तज्ज्ञास स्वयंस्पष्ट नसावा, ही अटही आहे. बाजारात पैसा मिळवून देणारी प्रत्येक गोष्ट शोध मानली, तर व्यापार आणि संशोधन यांतील भेदच नाहीसा होईल.

याची किंमत कोण मोजणार, तेही स्पष्ट आहे. बड्या कंपन्या परस्परांच्या पेटंटांची देवाणघेवाण करून मोकळ्या होतात. पुण्या-नाशिककडील लघुउद्योजकाजवळ देण्यासारखे पेटंट नसते आणि वकिलास देण्यासारखा पैसाही नसतो. ऐसपैस शब्दांत लिहिलेल्या एका पेटंटाची नोटीस आली, की ते वैध आहे किंवा नाही, हे तपासत न बसता तो ते काम सोडून देतो. न्यायालयात न गेलेल्या अशा माघारीची नोंद कोठेही होत नाही. आणि जो कारखाना टिकून राहील, त्याला करदात्याच्या पैशातून दिलेले साह्य स्वामित्वशुल्काच्या रूपाने बाहेर जाईल.

यावर उपाय म्हणून नवा कायदा करण्याचे कारण नाही. पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्याला विरोध करण्याचा अधिकार आपल्या कायद्याने कोणाही व्यक्तीस दिला आहे. २०२३-२४ या वर्षात आपल्या पेटंट कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंटे दिली. एवढ्या ओझ्याखाली प्रत्येक परीक्षकाने जगातील सारे जुने वाङ्मय धुंडाळावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. ते काम उद्योजकांच्या संघटनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वाटून घ्यावयास हवे. प्रसिद्ध झालेले अर्ज वाचणे आणि पूर्वीचे पुरावे परीक्षकापुढे ठेवणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग का असू नये?

परीक्षकाने तर प्रत्येक अर्जदारास एकच साधा प्रश्न विचारावा: भाग आत घातल्याने कोणती अडचण उद्भवली आणि ती तुम्ही कशी सोडविली? ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याला त्याचे श्रेय आणि मोबदला अवश्य मिळावा. ज्याला देता येणार नाही, त्याने केवळ मांडणी केली आहे. आणि मांडणी करण्याची मुभा सर्वांनाच असली पाहिजे.