थरथर कुठे गेली?

१९६० सालच्या एका फ्रेंच चित्रपटात एक आजोबा आपल्या नातवाला फुग्याच्या टोपलीतून देशभर फिरवून आणतात. स्ट्रासबुर्गच्या चर्चचा कळस हाताशी येतो, मग आल्प्सचा बर्फ, ब्रिटनीचा किनारा. ‘स्टोअवे इन द स्काय’ हे त्याचं इंग्रजी नाव. चित्र इतकं अलगद सरकतं की वाटावं, कॅमेराही फुग्यातच बसलाय. प्रत्यक्षात तो होता कानठळ्या बसवणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये.

हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण नवं नव्हतं. निकोलस रेने १९४७मध्येच ‘दे लिव्ह बाय नाइट’साठी फरारी कैद्यांची मोटार वरून टिपली होती. अडचण होती थरथरीची. चालत्या एसटीच्या खिडकीतून मोबाइलवर लांबचा डोंगर झूम करून बघा, म्हणजे कळेल. पंख्याची थरथर सांगाड्यातून कॅमेऱ्यात उतरते आणि भिंग जितकं लांब पल्ल्याचं, तितकं चित्र जास्त नाचतं.

फुग्याच्या त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने, आल्बेर लामोरिसने, यावर स्वतःच तोडगा काढला, ‘हेलिव्हिजन’. कॅमेरा सांगाड्याला आवळून न बांधता असा तोलून धरायचा, की थरथर यंत्रापाशीच थांबावी. माणूसच तसा खटपट्या! ‘द रेड बलून’साठी ऑस्कर त्याचं, आणि ‘रिस्क’ हा पटावरचा युद्धाचा खेळही त्याचाच.

थरथर गेली, तरी पंख्याचा वारा राहिलाच. ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या सुरुवातीच्या दृश्यात कुरणावर गिरकी घेणारी ज्युली अँड्र्यूज पडद्यावर किती मोकळी दिसते! चित्रीकरणात मात्र हेलिकॉप्टर वळून गेलं की त्या झोताने ती दर वेळी गवतात आडवी होत होती.

पुढे लामोरिस इराणवर चित्रपट करायला गेला. ‘द लव्हर्स विंड’मध्ये निवेदन करतो तो चक्क वारा, देश दिसतो तो त्याच्या नजरेतून, म्हणजे आकाशातून. त्याच चित्रपटासाठी २ जून १९७० रोजी तेहरानजवळच्या करज धरणावर चित्रीकरण चालू असताना हेलिकॉप्टर कोसळलं आणि लामोरिस गेला. वय अठ्ठेचाळीस.

त्याच्या टिपणांवरून पत्नीने आणि मुलाने चित्रपट पुरा केला. १९७८मध्ये तो आला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. हा मुलगा पास्काल. फुग्याच्या टोपलीतून खाली वाकून बघणारा नातू तोच.