रक्ताच्या एका थेंबासाठी

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजण लहानपणी पाळणाघरात राहिलेत? आई-बाबा कामावर गेले की दिवसभर तेच आपलं घर. खाऊ तिथेच, दुपारची झोप तिथेच, आणि भांडणंसुद्धा तिथेच! आता कल्पना करा, पाळणाघराच्या बाई तुमच्या आईला म्हणाल्या, "याला मधुमेह आहे ना? मग आम्ही नाही ठेवणार."

अमेरिकेत काही मुलांच्या बाबतीत असंच घडलं.

मधुमेह फक्त आजी-आजोबांना होतो असं वाटतं ना? तसं नाही बरं का! तो लहान मुलांनाही होतो. त्यांच्या शरीरात इन्शुलिन पुरेसं तयार होत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. मग कधी कधी रक्तातली साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, वेळीच लक्ष दिलं नाही तर मूल बेशुद्धही पडतं. तीन वर्षांच्या पोराला हे सांगता थोडंच येणार? म्हणून त्याच्या बोटाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा, की छोटंसं यंत्र मिनिटभरात साखरेचा आकडा दाखवतं. साखर कमी निघाली तर लगेच फळांचा रस पाजायचा. घरोघरी आई-बाबा हे करतात, आणि ते काही डॉक्टर नसतात!

पाळणाघरांचं म्हणणं, "सुई टोचणं आमचं काम नाही." रक्त म्हटलं की कुणीही जरा बिचकणारच. पण शिकून घेऊन, हातमोजे घालून जे करता येतं, त्यासाठी मुलाला दारातूनच परत पाठवायचं?

पालक गप्प बसले नाहीत. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा १९९० साली झाला होता आणि जानेवारी १९९२ पासून तो खासगी पाळणाघरांनाही लागू होता. प्रकरण सरकारच्या न्याय खात्यापर्यंत गेलं. १९९६ मध्ये 'किंडरकेअर' या देशातल्या सर्वांत मोठ्या पाळणाघर-साखळीने बोट टोचून तपासणी करायचं मान्य केलं. पुढच्याच वर्षी 'ला पेटीट अकॅडमी'नेही तेच कबूल केलं. शिवाय मधमाशी चावून किंवा एखादा पदार्थ खाऊन जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झाली तर देण्यासाठी एपिनेफ्रिन हे औषध जवळ ठेवायचं, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना भाग घेता यावा म्हणून काही कार्यक्रमांत बदल करायचे, हेही ठरलं.

हा कायदा प्रत्येक गोष्ट करायलाच लावतो असं मात्र नाही. इतरांना खरोखरच धोका असेल, किंवा पाळणाघराचं स्वरूपच बदलून जात असेल, तर नकार देता येतो. पण त्याआधी त्या मुलाला काय लागतं हे नीट पाहावं लागतं. आजाराचं नाव ऐकलं आणि 'नाही' म्हटलं, हे चालत नाही. विम्याचा हप्ता वाढेल ही सबबही चालत नाही, आणि या सोयींचा खर्च त्याच मुलाच्या पालकांकडून वसूल करता येत नाही.

आणि आपल्याकडे? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली संमत झाला. अंगणवाडीत दिव्यांग बालकांना कसं सामावून घ्यायचं, याची पद्धत केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. आणि २०१७ साली सीबीएसईने मधुमेह असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेला खाऊ सोबत नेण्याची परवानगी दिली. पेपर लिहिता लिहिता साखर खाली आली, तर तिथल्या तिथे तोंडात टाकायला!