गायरानावरील पेरा आणि चराई

मराठवाड्यातील पुष्कळशा खेड्यांत, गावठाणापासून थोड्या अंतरावर, माळरानाचा एक तुकडा असा आढळतो की जो कोणाही शेतकऱ्याच्या खात्यावर नसतो. त्यास गायरान म्हणतात. गावच्या गुरांनी तेथे चरावे म्हणून तो राखून ठेवलेला असतो. परंतु प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याच्या काही भागावर बाजरी, तूर किंवा कापूस उभा असतो. पेरणारा म्हणतो, "ही आमची दोन पिढ्यांची वहिती." गुरे राखणारा म्हणतो, "हे गावच्या गुरांचे रान." तलाठ्याच्या दप्तरात पहिल्याची नोंद झालीच तर 'अतिक्रमणदार' अशी होते, दुसऱ्याची नोंद होतच नाही. ह्या वादाचे नियम कोणते, ते कसे घडत गेले आणि त्यांतून नेमका कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी प्रथम एका परदेशी उदाहरणाकडे पाहू. इंग्लंडमध्ये श्रमिक कुटुंबांस भाजीपाला पिकविण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे अल्प भाड्याने देण्याची जुनी प्रथा आहे. अशा तुकड्यावर जनावर पाळावे की नाही, यावरून तेथेही तंटे होत. १९५० च्या कायद्याने कोंबड्या व ससे पाळण्याची मोकळीक दिली. मात्र कोंबडा वगळला, आणि पाळणे धंद्यासाठी नसावे व शेजाऱ्यांस त्याचा उपद्रव होऊ नये, अशा अटी घातल्या. तेथे जमीन पिकासाठी आहे आणि जनावर हा अपवाद आहे. आपल्याकडे स्थिती नेमकी उलट आहे : जमीन जनावरांसाठी आहे आणि पीक हा अपवाद आहे. तेथील अपवादाच्या मर्यादा एका कलमात आटोपल्या. येथील अपवादाची कथा मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

१. दप्तरातील गायरान

निजामाच्या राज्यात जमीन महसुलाचा कारभार १३१७ फसलीच्या कायद्याने चाले. त्या दप्तरातील गायरान, परमपोक, खारीज खाता हे शब्द मराठवाड्यातील वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी आजही ऐकू येतात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सर्व विभागांस एकच कायदा लागू केला.

ह्या संहितेच्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यास गावातील बिनभोगवट्याची जमीन विशिष्ट कामांसाठी राखून ठेवता येते. गुरांची मोफत चराई, वैरणीचे राखीव रान, स्मशानभूमी, खळे, बाजार ही त्यांपैकी काही कामे होत. एकदा राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून अन्य कामी लावता येत नाही. कलम २३ अन्वये चराईचा हक्क ज्या गावासाठी ती जमीन नेमून दिली असेल त्या गावच्या गुरांपुरताच असतो. पुढे जोडलेल्या कलम २२-अ ने गायरानाचा वापर बदलण्यावर अधिक कडक निर्बंध घातले. सार्वजनिक प्रकल्पासाठी अन्य योग्य जमीन नसेल तरच तो बदलता यावा, असा त्याचा रोख आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा हक्क 'गावच्या गुरांना' दिला आहे. कोणाच्या किती गुरांनी चरावे, याचे माप त्यात नाही. ज्याच्या दावणीला दहा जनावरे आहेत त्यास दहापट हक्क, आणि ज्याच्याजवळ एकही जनावर नाही त्यास काहीच नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

२. पेरा कसा सुरू झाला

गायरानावर नांगर धरणारे बहुतांशी भूमिहीन होते आणि त्यांत दलित कुटुंबांची संख्या मोठी होती. १९५३ मध्ये मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा लढा पुन्हा उभा राहिला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनांस मिळावी, ही त्या लढ्यांची एक प्रमुख मागणी होती. पुढील काळात बीड जिल्ह्यातून एकनाथ आवाड यांनी जमीन अधिकार आंदोलनाद्वारे हाच प्रश्न लावून धरला.

शासनाने ही वहिती अंशतः मान्य केली. १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची, आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, पात्र भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावयाचे ठरले. परंतु त्या दिवशी वहिती होती, हे सिद्ध कसे करावयाचे? ज्याच्या नावे सातबारा नाही त्याच्याजवळ कागद कोठून असणार? येथे दप्तराचा एक विलक्षण विरोधाभास दिसतो. गाव नमुना १-इ ही अतिक्रमणांची नोंदवही होय. तीत नाव येणे म्हणजे अपराधाची नोंद होणे. आणि अतिक्रमणाबद्दल दंड भरल्याची पावती म्हणजे त्या अपराधाची कबुली. तथापि पुढे हाच दंड, हीच नोंद आणि एखादा जुना पंचनामा हे हक्काचे मुख्य पुरावे ठरले. ज्यास दंड झाला तो सुदैवी. ज्याच्याकडे तलाठ्याने काणाडोळा केला त्याच्या हाती काही उरले नाही. म्हणूनच दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवणारी कुटुंबे मराठवाड्यात आढळतात. पती निवर्तल्यानंतर एकटीने जमीन कसणाऱ्या स्त्रीची अडचण याहून मोठी; कारण पावती असलीच तर बहुधा ती तिच्या नावे नसते.

३. उभ्या पिकात गुरे

वादाचे प्रत्यक्ष रूप कचेरीत नव्हे, तर शिवारात दिसते. पीक गुडघ्याएवढे झाले म्हणजे त्यात गुरे सोडणे, हा वहिती मोडण्याचा जुना मार्ग आहे. त्यास हत्यार लागत नाही, आणि 'जनावर चुकून शिरले' असे म्हणावयास जागा राहते. एका रात्रीत वर्षाचे धान्य जाते.

खाजगी शेतात असे घडले तर उपाय ठाऊक आहे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या कायद्याने जमीन कसणाऱ्यास किंवा तिचा ताबा असणाऱ्यास, नुकसान करणारे जनावर धरून कोंडवाड्यात नेण्याचा हक्क दिला. परंतु गायरानावर पेरणाऱ्याने बैल धरून कोंडवाड्यात नेला, तर बैलाचा मालक विचारतो, "अतिक्रमण माझ्या बैलाने केले की तू?" जमीन गुरांसाठी राखीव असल्यामुळे ह्या प्रश्नास कागदावर बळ आहे. ज्याचे पीक गेले तो तक्रार करण्यास धजत नाही, कारण तक्रारीबरोबर स्वतःचे अतिक्रमणही उघड होते. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांच्या मुळाशी खेड्यांतील असे जमिनीचे तंटेही होते, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

४. गुरे राखणाराची बाजू

तथापि गुरे राखणाराची तक्रार सर्वस्वी खोटी मानणे योग्य होणार नाही. अवर्षणप्रवण प्रदेशात चाऱ्याचा तुटवडा ही नित्याची आपत्ती आहे. लाल कंधारी व देवणी ही मराठवाड्याची नावाजलेली गोधने. त्यांस मोकळे रान हवे. मेंढपाळांच्या वाटा गायरानांवरून जातात. गायरान तुकड्यातुकड्यांनी संपले तर ह्या सर्वांचा आधार तुटतो.

परंतु आधार कोणाचा अधिक तुटतो, हे पाहिले पाहिजे. ज्याच्याजवळ शेत आहे त्याच्या गुरांस ज्वारीचा कडबा आहे, धुऱ्यावरचे गवत आहे. ज्याच्याजवळ शेत नाही आणि चार उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यास गायरानावाचून दुसरा आसरा नाही. म्हणजे गायरानाची सर्वाधिक गरज भूमिहीन शेळीपालकास आहे, आणि गायरानावर पेरणाराही बहुधा त्याच वस्तीतील, कित्येकदा त्याच घरातील असतो. 'पीक विरुद्ध जनावर' अशी वादाची मांडणी ह्यामुळेच फसवी ठरते.

५. अलीकडील स्थिती

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांस सांगितले. त्या खटल्यातील जागा पंजाबातील एका गावचे तळे होते. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांस शासकीय अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनी हा अपवाद त्याच निकालात मान्य केलेला आहे. महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्यास अनुसरून निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेनंतर गावोगाव नोटिसा निघाल्या. २०२३ पासून कृषिपंपांस दिवसा वीज देण्याच्या योजनेतील सौर प्रकल्पांसाठीही गायराने घेतली जाऊ लागली. म्हणजे आता गायरानास तिसरा दावेदार मिळाला आहे, आणि त्याच्या कुंपणाआड ना शेळी जाऊ शकते, ना नांगर.

आजवरच्या निर्णयांनी प्रत्येक वेळी एक तारीख निश्चित केली आणि तीपूर्वीचा कोण व नंतरचा कोण, एवढेच विचारले. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ह्या गावात गायरान किती उरले, किती जनावरे त्यावर चरतात, ती कोणाची, आणि किती कुटुंबांची उपजीविका तेथील पेऱ्यावर आहे, याची मोजणी प्रथम व्हावयास हवी. त्यानंतर ग्रामसभेत, भूमिहीनांच्या उपस्थितीत, पेऱ्याची व चराईची हद्द दगड रोवून ठरविता येईल. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवून खत घेणारा शेतकरी आणि मेंढपाळ असा व्यवहार पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. पेरा व चराई यांचा मेळ आपल्या शिवारास नवा नाही. तो व्यवहार दोघांनाही साधला, कारण तेथे शेत कोणाचे आणि कळप कोणाचा याविषयी शंका नव्हती. गायरानावर आज नेमकी तीच निश्चिती नाही. आणि ती होईपर्यंत दंडाच्या पावत्या पेटीत जपल्या जातील, आणि पेरणारा रात्री पिकाच्या राखणीला जागाच राहील.